‘हळू चालणे’ला इंग्रजीत नेमका शब्द कोणता?

प्रश्न असा आहे: इंग्रजीत लिहायला बसलं की वॉक, लुक, लाफ यांच्यापुढे गाडी सरकत नाही. ‘वॉक स्लोली’ला एकच चपखल क्रियापद कोणतं? आणि अशा क्रियापदांची यादी पाठ केली तर चालेल का?

यादीचं आधी सांगतो, कारण मी ती पाठ केली होती. ‘हळू चालणे’ या रकान्यातला ‘सॉन्टर’ उचलून कॉलेजच्या निबंधात अंत्ययात्रेतल्या मंडळींना बहाल केला. सरांनी समासात लिहिलं, ‘यांना गेलेल्याचं काहीच वाटत नाही का?’ सॉन्टर म्हणजे रमतगमत, खिशात हात घालून, कुठे पोचायची घाई नसल्यासारखं चालणं. अर्थ यादीत होता, तोरा नव्हता.

म्हणून हळू का, हे आधी ठरवा. एसटी चुकली, ऊन मी म्हणतंय, पाय ओढत चार किलोमीटर जायचंय: ‘ट्रज’. बैलाच्या चालीनं, ढिम्म पण न थांबता: ‘प्लॉड’. पाय न उचलता सपाता फरफटत आजोबा दाराशी येतात ते ‘शफल’. जेवण झाल्यावर कोपऱ्यापर्यंत फेरी, म्हणजे जवळजवळ आपली शतपावली: ‘स्ट्रोल’. बदकासारखं डुलत जाणं ‘वॉडल’. बदकाला आणि रांगणं सोडलेल्या बाळाला शोभतं, मोठ्या माणसाला वापरलंत तर ती टिंगल होते.

आपल्याला हे शब्द सुचत का नाहीत, याचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘तो लंगडत खोलीत शिरला’ हे वाक्य घ्या. मुख्य क्रियापद ‘शिरला’, म्हणजे गेला कुठे ते. कसा गेला, ते ‘लंगडत’मध्ये. इंग्रजी याच्या उलट करते: ‘ही लिंप्ट इंटू द रूम’. कसा ते क्रियापदात, कुठे ते ‘इंटू’सारख्या चिमुकल्या शब्दात. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषावैज्ञानिकानं भाषांमधला हा फरक नीट मांडला. त्याच्या मांडणीत इंग्रजी एका बाजूला आणि स्पॅनिश दुसऱ्या. मराठी इथे स्पॅनिशच्या पंगतीला बसते. म्हणून आपण लिहितो ‘ही एंटर्ड द रूम लिंपिंग’. व्याकरणात चूक नाही, पण वाक्याला मराठीचा वास येतो. ‘पोहत पलीकडे गेली’चं ‘स्वॅम अक्रॉस’ करायला लागलात की निम्मं काम झालं.

मराठीत शब्द कमी आहेत असं मात्र समजू नका. आपण ते क्रियापदाच्या शेजारी ठेवतो: तरातरा चालणं, टकामका बघणं, फिदीफिदी हसणं, ढसाढसा रडणं, गटागटा पिणं. बोलण्याच्या बाबतीत तर आपली क्रियापदंच तयार आहेत: कुजबुजणे, पुटपुटणे, खेकसणे, डाफरणे, बरळणे. तेव्हा इंग्रजी यादीपासून सुरुवात न करता आपल्याच शब्दापासून करा. डोळे वटारून बघणं म्हणजे ‘ग्लेअर’, ओझरतं बघणं ‘ग्लान्स’, डोळे बारीक करून बघणं ‘स्क्विंट’, फटीतून डोकावणं ‘पीप’. फुरके मारणं ‘स्लर्प’, घोट घोट घेणं ‘सिप’.

ग्लेअर, ग्लान्स, ग्लिंप्स, ग्लिटर, ग्लो: प्रकाश आणि नजर, दोन्हीकडे ‘ग्ल’. स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट, स्निगर: सगळे नाकाशी. अशा ध्वनिगुच्छांना जे. आर. फर्थ या इंग्रज भाषावैज्ञानिकानं 1930 साली ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. गंमत म्हणजे शिंकण्याचा ‘स्नीझ’ जुन्या इंग्रजीत ‘फ्न’नं सुरू व्हायचा, तो नंतर या नाकवाल्यांत येऊन बसला. पाठांतराला असे गुच्छ अकारविल्हे यादीपेक्षा बरे.

आणखी एक वाट आहे, माझी आवडती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) आंतरजालावर आहे आणि त्यात इंग्रजी शब्द घालून उलटाही शोध घेता येतो. ‘वॉडल’ घालून बघा, समोर कोणकोणते मराठी शब्द येतात ते. त्याचं इंग्रजी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा मिळालेला शब्द वापरण्याआधी आजच्या कोशात एकदा पडताळून घ्या.