कडक पेडल आणि न दिसणारी गळती : मर्सिडीज २४०डी (डब्ल्यू१२३)

तुमची १९८२ची मॅन्युअल गिअरची २४०डी. पेडल कडक झालंय, ब्रेक ऑइल अधूनमधून भरावं लागतंय, जमिनीवर एक थेंब दिसत नाही आणि गॅरेजवाले बूस्टर (व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा शोषून केलेल्या पोकळीच्या, जोरावर पायाचा दाब वाढवणारा डबा) नि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) दोन्ही बदला म्हणतायत. कृपा करून अजून काही मागवू नका. कडक पेडल ही व्हॅक्यूमची तक्रार, ऑइल उतरणं ही हायड्रॉलिकची, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या भागाची. दोन्हींचं मूळ एक निघूही शकतं, पण ते तपासून ठरवायचं.

या डिझेल इंजिनात ब्रेकसाठी व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) मिळत नाही, त्याला पुढच्या बाजूला वेगळा पंप आहे. याच पंपावर बूस्टर चालतो, सेंट्रल लॉकिंग असेल तर तेही, आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंद करणारं डायफ्रॅमसुद्धा. म्हणून आधी सांगा, चावी बंद केल्यावर इंजिन पटकन थांबतं की रेंगाळतं? रेंगाळत असेल तर माझा पहिला संशय पंपावर आणि पाइपांवर, बूस्टरवर नाही.

आता इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतोय. मग दोनेक मिनिटं चालवून, पेडल दाबलेलं असतानाच इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट पाय हलवू नका. पेडल पायाला वर ढकलू लागलं तर व्हॅक्यूम कुठेतरी निसटतोय. बूस्टरच्या पाइपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा, हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. मेकॅनिककडे व्हॅक्यूम गेज असेल तर थेट पंपावर लावायला सांगा. २० इंचांच्या (पाऱ्याच्या) वर काटा गेला की पंपाला मी दोष देणार नाही.

ऑइलचं बघताना आधी पॅड तपासा. या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत, पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी आपोआप उतरते. ती गळती नव्हे. पण वरचेवर भरावं लागतं म्हणजे दुसरं काहीतरी आहे. मॅन्युअल गिअरच्या डब्ल्यू१२३मध्ये क्लचलाही याच टाकीतून ऑइल जातं, आणि हे बऱ्याच मेकॅनिकांच्या लक्षातच येत नाही. क्लच पेडलच्या वरच्या बाजूला हात घाला, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून चाचपा. ओलसर, बुळबुळीत लागलं तर बोट वाटीभर पाण्यात बुडवा : ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइलचा तवंग वर तरंगतो.

तिथे कोरडं असेल तर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट सोडा. लोखंडी पाइप न खोलता तो सिलिंडर जपून थोडा पुढे ओढता येतो. पाइप मुरगळू देऊ नका. मागचं तोंड टॉर्चने बघा. ते ओलं असेल, बूस्टरच्या तोंडाचा रंग फुगून सुटला असेल, तर मागचं सील गेलंय आणि ऑइल बूस्टरच्या पोटात जातंय; थेंब जमिनीवर येणार कुठून? तेच ऑइल आतलं रबर खराब करतं आणि पेडल कडक होतं. तुमच्याकडे बहुधा हेच निघेल असं मला वाटतं. तोंड कोरडंच निघालं तर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधली ओ-रिंग दाबून बघा. ती कडक, चपटी झालेली असते नि तिथूनच व्हॅक्यूम सुटतो. किरकोळ किमतीची ही रिंग न बदलता लोक अख्खा बूस्टर बदलतात, याचं मला फार वाईट वाटतं. सिलिंडर सुटला की ती नवीच घाला.

हे होईपर्यंत खंडाळा, ताम्हिणी, कुठलाच घाट नको. बूस्टर गेला तरी ब्रेक लागतो, पण पायाला कितीतरी जास्त जोर लागतो. त्यात ऑइलही उतरलेलं. भरायचं ते डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल. गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

शेवटी ब्रेकच्या पाइपांतली एअर काढताना मेकॅनिकला पेडल तळापर्यंत मारू देऊ नका. सिलिंडर जुनाच ठेवलात तर त्याचा पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजाचे खड्डे पडलेला असतो, आणि सील तिथे घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.