यीस्टच्या पेशीत आरएनए प्रोसेसिंगची कॉम्प्लेक्स (आरएनए कापून-जोडून तयार करणारे किंवा मोडणारे प्रथिनांचे संच) कुठे असतात? सगळी केंद्रकातच ना?

तुमच्या त्या ‘केंद्रकातच ना?’ने जुनी खपली निघाली, म्हणून लिहायला बसलो. नाही, सगळी केंद्रकात नसतात.

स्प्लाइसोसोम, म्हणजे एमआरएनएतले नको असलेले तुकडे कापणारं यंत्र, केंद्रकात, त्यात वाद नाही. राइबोसोमच्या आरएनएची कापाकापी केंद्रकातल्याच न्यूक्लिओलस या भागात सुरू होते, ती करणारं एसएसयू प्रोसेसोम हे कॉम्प्लेक्स तिथलंच. डीसीपी१-डीसीपी२ ही एमआरएनएच्या टोकाची टोपी काढणारी जोडी आणि नंतर तो आरएनए मोडणारं एक्सआरएन१ केंद्रकाबाहेर सायटोप्लाझममध्ये. ग्लुकोजचा पुरवठा तोडला की ती पी-बॉडी नावाच्या सायटोप्लाझममधल्या ठिपक्यांत गोळा होतात. खरी गंमत टीआरएनएची, म्हणजे राइबोसोमकडे अमिनो आम्ल नेणाऱ्या आरएनएची.

एमएस्सीला, जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, सेमिनारला मी हाच विषय घेतला होता. फळ्यावर कळी फुटलेली यीस्टची पेशी काढली आणि सेन एंडोन्यूक्लिएझचा (टीआरएनएतला इंट्रॉन, म्हणजे मधला नको असलेला तुकडा, कापणाऱ्या एन्झाइमचा) बाण मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर नेला. सर उठले, तळहातानेच बाण पुसला आणि केंद्रकात नवा काढला. “इंट्रॉन केंद्रकातच कापतात. बारावीचं पोरगंही सांगेल.” मी संशोधक योशिहिसा आणि सहकाऱ्यांचा याच विषयावरचा २००३चा पेपर पुढे केला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पहिलं पान पाहिलं आणि परत दिला. “पेपर रोज निघतात. परीक्षा पुस्तकावर होते.” मागच्या बाकावरून मित्र कुजबुजला, “भो, मार्क त्यांच्या हातात आहेत. बाण राहू दे त्यांना पाहिजे तिथे.” बाण तिथेच राहिला, मार्क मात्र गेले.

आता पुरावा बघा. सेनचे चार घटक: सेन२, सेन१५, सेन३४, सेन५४. त्यांना जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन खूण (टॅग) म्हणून लावल्यावर चमक मायटोकॉन्ड्रियावर दिसली. एवढ्यावर कोणी म्हणेल की टॅगमुळे प्रथिन भरकटलं असेल. पण सेन२ बिघडलेल्या म्युटंट (जनुकात बदल असलेल्या) यीस्टमध्ये न कापलेला टीआरएनए सायटोप्लाझममध्ये साचला. म्हणजे इंट्रॉनसकट तो केंद्रकाबाहेर येतो आणि कापणी बाहेर होते. पुढे २०१२ मध्ये टीआरएनएवर काम करणाऱ्या अनिता हॉपर यांच्या प्रयोगशाळेने सेनला मुद्दाम केंद्रकात बसवलं. टीआरएनए व्यवस्थित कापला गेला, तरी पेशी तगल्या नाहीत. सेनला बाहेर आणखी काही काम आहे, जे टीआरएनएशी संबंधित नाही. यावर सरांनी काय म्हटलं असतं, ते ऐकायला मला आजही आवडेल.

आणि हो, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हेच एन्झाइम केंद्रकात असतं. सरांचं पुस्तक त्यांच्याबद्दल बोलत होतं, फळ्यावर यीस्ट होतं. म्हणून उत्तरपत्रिकेत बाण काढताना शेजारी जीवाचं नाव लिहाच. संशोधनासाठी गाइड निवडायचा असेल तर त्यांच्यापुढे एखादा नवा पेपर ठेवून बघा. पहिल्या पानाच्या पुढे जातात का, एवढंच पाहायचं.

एक राहिलं. जीएफपीने प्रथिनाचा माल जास्त कुठे आहे ते कळतं, काम कुठे चालतं ते नाही. आरएनए कुरतडणारं एक्सोसोम तर दोन्हीकडे असतं: केंद्रकात आरआरपी६ या प्रथिनासोबत, बाहेर स्की७ या प्रथिनामार्फत. त्यामुळे ‘कुठे असतं’ याला एका शब्दात उत्तर मागणाऱ्याला उत्तर देऊच नका. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेसवर (यीस्टच्या जनुकांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर) सेन२चं पान उघडा, स्क्रीनशॉट काढा आणि तुमच्या सरांना पाठवा. माझ्या वतीनेही.