‘हंड्रेड’नंतर कंबर जास्त धरते? आकडा वाढवू नका

तीन आठवडे पिलाटेस करताय, ‘हंड्रेड’ (पाठीवर झोपून, डोकं आणि पाय उचलून, दहा श्वासांत हात शंभर वेळा हलवणं) आणि दोन्ही पाय एकत्र खाली नेण्याचा व्यायाम झाला की दुसऱ्या दिवशी कंबर जास्तच धरते, म्हणजे कोअर (पोट-कमरेचे स्नायू) कमजोर आहे, तर आता वेळा वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया वाढवू नका. याच एका चुकीत माझे कित्येक महिने गेलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलताना ढिलं पडणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बंद करून लगेच रुग्णालय गाठा. ताप किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरीही आधी तपासणी.

आता मुद्दा. दोन्ही पाय सरळ करून हवेत धरलेत की त्यांचं वजन पोटाचे नव्हे, खुब्याचे स्नायू पेलतात. त्यातला सोआस थेट कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. पोटाने ओटीपोट जागेवर धरून ठेवलं नाही, तर तो मणक्यांनाच पुढे खेचतो, कंबर चटईवरून उचलली जाते आणि मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर दाब येतो. वेळा वाढवल्यात की हा दाबच तितक्या वेळा जास्त पडतो.

करून बघा. पाठीवर झोपा, गुडघे दुमडलेले, पावलं चटईवर. एका हाताची बोटं कमरेखाली सरकवा. सपाट बोटं जेमतेम जातील एवढी पोकळी हवी. आता श्वास सोडत एकच पाऊल चार बोटं उचला. बोटांवरचा दाब सुटला तर कंबर उचलली गेली, बोटं चिरडली तर तुम्ही ती जमिनीत दाबताय. दोन्ही चूकच. दाब सारखा ठेवून आलटून पालटून प्रत्येक बाजूला ८ वेळा जमलं की दोन्ही गुडघे ९० अंशांत वर घेऊन एकेक टाच टेकवा. त्यानंतर टाच लांब सरकवणं. सरळ पाय सर्वांत शेवटी, आणि तेही आलटून पालटून. बोटं काढायची घाई करू नका, आरशापेक्षा ती जास्त खरं सांगतात.

‘नाभी पाठीला चिकटवा, अजून आत, अजून आत’ ही वर्गात सारखी ऐकू येणारी सूचना मला मुळीच पटत नाही. पूर्ण जोर लावला की श्वास अडतो, आणि श्वास अडवून मिळालेला ताठपणा उठता-बसता कामाला येत नाही. खोकताना पोट जेवढं घट्ट होतं, त्याच्या पाव हिश्शाने आवळा. वाक्य सलग बोलता आलं पाहिजे.

जोडीला बर्ड डॉग (हात-गुडघ्यांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे ताणणं) आणि गुडघे टेकवून साइड प्लँक (कुशीवर, कोपरावर भार घेऊन कंबर उचलून धरणं). प्रत्येक धरणं १० सेकंदांचं, एका बाजूला आधी ६ वेळा, मग ४, मग २. हा उतरता क्रम कंबरदुखीचे संशोधक स्टुअर्ट मॅगिल यांचा. थकल्यावर ढब बिघडते म्हणून आकडा कमी होत जातो. बर्ड डॉगमध्ये पाय वर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो. टाच मागच्या भिंतीकडे ढकला. माकडहाडाच्या वर एक पुस्तक ठेवा. ते घसरलं तर ओटीपोट कललं.

सकाळी उठल्यापासून तासभर रोल-अप (झोपल्या जागेवरून हळूहळू उठून पुढे वाकणं) किंवा पुढे वाकणारं काही नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. आणि दुखणं कमरेतून पायात उतरायला लागलं तर तो व्यायाम त्याच क्षणी सोडा. पायातून वर कमरेकडे सरकत असेल तर बहुधा दिशा बरोबर आहे.

महागड्या रिफॉर्मरच्या (पिलाटेसच्या स्प्रिंगवाल्या यंत्राच्या) मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत. २०१५च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) पिलाटेस इतर व्यायामांपेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा सापडला नव्हता. जे नेमाने होईल ते करा, रोजचं चालणं तर सोडूच नका.

हंड्रेड अगदी करायचंच असेल तर पावलं चटईवर, डोकं खाली, फक्त हात हलवायचे आणि दहाऐवजी तीनच श्वास. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी आहे ते बघूनच चौथा.