‘उष्माघाताचे मृत्यू शून्य’ हे उत्तर घेऊन परत आलेल्यांसाठी

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पत्र्याच्या घरांतलं दुपारचं तापमान मोजलं, बांधकाम मजुरांचे त्रास नोंदवले, अहवाल घेऊन गेलात आणि साहेब म्हणाले, "रेकॉर्डला उष्माघाताचे मृत्यू शून्य, मग उपाययोजना कशाला?" हेच वाक्य आम्हीही ऐकलंय, बाप्पा. नमुना कसा निवडायचा, एथिक्स कमिटीची परवानगी वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडतो. मी डॉक्टर नाही, एका संस्थेत आकडेवारी बघायचो. त्या बेताने वाचा.

पहिलं म्हणजे उष्माघाताच्या रकान्यावरून भांडूच नका. उन्हाने गेलेला म्हातारा माणूस कागदावर हृदयविकाराने किंवा किडनीने गेलेला असतो. अहमदाबादच्या अभ्यासकांनी तो रकाना बाजूला ठेवला. मे २०१० मधले सगळ्या कारणांचे मृत्यू घेतले, २००९ आणि २०११ च्या मेशी ताडून पाहिले आणि १३४४ जादा मृत्यू निघाले. त्या शहराचा उष्णता कृती आराखडा २०१३ साली आला.

आता आमचं घोडं कुठे अडलं ते सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही. आम्ही मागितले होते दिवसवार मृत्यू. हाती आले महिनावार, तेही नोंदणीच्या तारखेनुसार! मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची मुभा असते, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलेली कितीतरी माणसं जूनच्या बेरजेत जाऊन बसली. आम्ही म्हटलं, मृत्यूच्या तारखेने द्या. उत्तर आलं, "तसा फॉरमॅट नाही." अहो, तुम्ही जो दाखला देता त्यावर मृत्यूची तारीख छापलेली असते ना! पण नाही. या टेबलावरून त्या टेबलावर, मग "लेखी द्या", मग लेखी दिलेलं पत्र आवक नोंदवहीत सापडेना. शेवटी बैठकीत तोच महिनावार तक्ता पडद्यावर आला आणि एक साहेब म्हणाले, "बघा, मेमध्ये वाढ नाहीच, जूनमध्ये आहे. जूनमध्ये तर पाऊस येतो." विषय संपला. तो अख्खा उन्हाळा वाया गेला, हे अजूनही खुपतं.

त्याच तक्त्यात दुसरी गोम होती, ती तुम्ही आधीच पकडा. मृत्यूची नोंद जिथे माणूस गेला तिथे होते. नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत छिंदवाडा, बालाघाट, भंडारा, गडचिरोलीहून रुग्ण येतात. त्यांचे मृत्यू नागपूरच्या खात्यात. म्हणून मागणीतच लिहा: मृत्यूची तारीख, वय, लिंग आणि राहण्याचं ठिकाण शहरातलं की बाहेरचं. नावं मागू नका, लगेच नकाराला कारण मिळतं. माहितीचा अधिकार आहेच, पण तो शेवटी वापरा असं माझं मत. एकदा अर्ज टाकला की खालचा बाबू, जो खरं तर मदत करणार असतो, तोही तोंड फिरवतो. (कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो. शिवाय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर नोंदणी बरीच ऑनलाइन झाली आहे, आता कदाचित सोपं जाईल.)

आकडे अडलेच तर दहनघाटांवर चौकशी करा. दहन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे तिथली तारीख नोंदणीच्या तारखेपेक्षा किती तरी खरी. फक्त कब्रस्तानं विसरू नका, आणि पार्थिव गावी नेलेले यात सुटतात हे अहवालात स्पष्ट लिहा. स्वतः मोजण्याला पर्याय नाही, हे गडचिरोलीने दाखवलंय. बंग दाम्पत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, जन्म-मृत्यू स्वतः नोंदवले. तरी १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला आणि आशा सेविकांमार्फत देशभर घरभेटींचा कार्यक्रम यायला २०११ उजाडलं. तेव्हा एका बैठकीत नाही जमलं म्हणून खचू नका.

‘शिफारशी’त "जनजागृती करावी" लिहिलंत की अहवाल कपाटात गेलाच समजा. त्याऐवजी ज्या साहेबांपुढे बसणार, त्यांच्या सहीने होईल असं एकच काम मागा: दुपारी बंद असलेली बाग उघडी ठेवा, किंवा बांधकामावर बारा ते चार सुट्टी. नागपुरात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमानच ४२-४३ अंश असतं, त्यामुळे हवामान खात्याच्या एका निकषाप्रमाणे सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झाल्यावरच इशारा द्यायचा म्हटलं तर पारा ४७ वर जायची वाट बघावी लागेल. शहराला इशाऱ्यासाठी स्वतःचा उंबरठा हवा, हा मुद्दा पहिल्या पानावर मराठीत घाला. पी-व्हॅल्यूसारखं संख्याशास्त्र परिशिष्टात.

आणि मार्चमध्ये जाऊ नका. तेव्हा सगळे मार्चएंडमध्ये बुडालेले असतात आणि बजेट ठरून गेलेलं असतं. दिवाळी झाली की लगेच वेळ मागा.