दर शब्दाला डिक्शनरी?

प्रश्न: ताई, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आता एफवायबीकॉमला इकॉनॉमिक्सचं इंग्रजी पुस्तक, एका पानाला तास जातो, दर शब्द डिक्शनरीत बघते तरी डोक्यात काही राहत नाही. काय करू?

उत्तर: अगं, तिथेच तर गाडी अडते! आधी अख्खा पॅरा न थांबता वाच, मग फक्त परत परत येणारे शब्द बघ. 'इलॅस्टिक' घे, आपल्या परकरातलंच ते, किंमत बदलली की मागणी किती ताणते ती इलॅस्टिसिटी, आणि मीठ महागलं तरी आपण तेवढंच आणतो म्हणून त्याची मागणी 'इनइलॅस्टिक', शब्दाच्या सुरुवातीला 'इन' आला की बरेचदा अर्थ उलटा (पण 'इन्कम'ला हे लावू नकोस हं!). मग पुस्तक मिटून आईला मराठीत सांग, अडखळशील तेवढंच परत वाच.