मिशिगनमध्ये पोलिसांनी थांबवलं आणि गाडीत पिस्तूल असलं तर

तुम्ही एल-वन व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) पुण्याहून मिशिगनमधल्या नोव्हाय शहरात येताय, आणि विचारलंय की इथे पिस्तूल घेतलं आणि पोलिसांनी गाडी थांबवली, तर आपणहून सांगायचं का. मिशिगनपुरतं उत्तर सरळ आहे. पिस्तूल लपवून बाळगायचा परवाना असलेल्याने ते जवळ असेल तर सांगायचंच, तेही अधिकाऱ्याने विचारायच्या आधी. नाही सांगितलं तर पहिल्या खेपेला ५०० डॉलर दंड आणि परवाना सहा महिने निलंबित.

पण तुमच्या बाबतीत गोष्ट तिथवर जायलाच नको. एल-वन, एच-वन-बी, एफ-वन, अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूकच काय, नुसत्या गोळ्या बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि हद्दपारी वेगळीच. ऑफिसातली मंडळी नेमबाजीच्या रेंजवर नेतात, तिथे भाड्याची बंदूक हातात घेणंही यातच मोडतं. यातून एक पळवाट आहे, शिकारीचा वैध परवाना. ‘तो काढ की झालं,’ असं सांगणारे भेटतीलच. कायद्यात ती सूट खरीच आहे. पण शिकार करायची नसताना केवळ पिस्तुलासाठी ती वापरून अख्ख्या कुटुंबाचा व्हिसा पणाला लावणं मला तरी पटत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की हा अडसर राहत नाही, तेव्हा बघा.

मग तुमचा या प्रश्नाशी संबंध कुठे येईल? ग्रीन कार्डवाल्या किंवा नागरिक झालेल्या मित्राच्या गाडीत. त्याच्या कमरेला पिस्तूल आहे आणि तुम्ही शेजारी बसलाय. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की आपण उतरतो, कागद घेऊन ‘साहेब, साहेब’ करत त्याच्याकडे जातो. इथे ते अजिबात करायचं नाही. गाडी उजवीकडे घ्यायची, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावायचा, काच खाली. चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, तुमचे गुडघ्यांवर. मित्राने सुरुवात ‘माझ्याकडे पिस्तूल आहे’ अशी करू नये. ‘माझ्याकडे परवाना आहे, शस्त्र उजव्या कमरेला आहे, माझे हात इथेच आहेत, आता मी काय करू?’ या क्रमाने बोलावं. लायसन्स-इन्शुरन्सचे कागद आणि पिस्तूल एकाच कप्प्यात ठेवणारे महाभाग आहेत. कागद काढायला कप्पा उघडला की आत काय दिसणार? बोलणं चालू असेपर्यंत अधिकारी शस्त्र स्वतःकडे घेऊ शकतो. घेऊ द्यावं. हुज्जत रस्त्यावर घालायची नसते, ती वकिलाचं काम.

सांगितलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील या परवानाधारक कृष्णवर्णीय तरुणाने अगदी शांतपणे, आपणहून सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. तिथला कायदा तर विचारल्यावरच सांगा म्हणतो. काही सेकंदांत अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. कॅस्टील गेला, आणि पुढच्या वर्षी तो अधिकारी निर्दोष सुटला. म्हणून म्हणतो, कायदा पाळणं एक आणि हात कुठे आहेत हे दुसरं. हातांची काळजी आधी.

राज्य बदललं की नियम बदलतो. नोव्हायहून तासाभरात टोलेडो येतं, म्हणजे ओहायो. तिथेही पूर्वी आपणहून सांगावं लागे. जून २०२२ पासून विचारलं तरच, पण विचारल्यावर खरं सांगावंच लागतं. तेव्हापासूनच तिथे २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ते ऐकून हुरळू नका, केंद्रीय कायद्याने ज्यांना मनाई आहे त्यांना ही मोकळीक नाही.

आणि डेट्रॉइटमध्ये मित्राची एक्झिट चुकली, गाडी थेट अँबॅसडर पुलावर चढली, तर पलीकडे कॅनडा आहे. मिशिगनचा परवाना तिथे चालत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगायचं की वाट चुकलोय आणि गाडीत पिस्तूल आहे. लपवलं आणि सापडलं, तर पुढचे दिवस कठीण आहेत. पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद जवळ नसतील, तर तुमचे दिवससुद्धा कठीण.