बॅकहो शिकताय? आधी कंबर सांभाळा

बॅकहो म्हणजे मागे खोदणारा हात बसवलेला ट्रॅक्टर; आपण त्याला सरसकट जेसीबी म्हणतो. तो शिकणाऱ्यांची पत्रं कुठूनही सुरू झाली तरी कमरेपाशीच येऊन थांबतात. म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले.

प्रश्न : दोन दिवसांत पक्का ऑपरेटर करून देतो, असं एक जण सांगतो. खरं का?

लीव्हर दोन दिवसांत कळतात, जमिनीखालची केबल कळत नाही. पैसे देण्याआधी जाणत्या ऑपरेटरला विचारा.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. जमेल?

पाठ टेकलेली ठेवून ब्रेक पूर्ण दाबता आला, तर जमेल.

प्रश्न : शिकायला लागल्यापासून कंबर दुखते. जुने ऑपरेटर म्हणतात, सवय होईल. दुकानदार कमरपट्टा घ्या म्हणतो.

‘सवय होईल’ ऐकून कान किटले. मणक्याला हादऱ्यांची सवय होत नाही, तो झिजतो. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ कंपनांना सर्वांत जास्त हलतो आणि ट्रॅक्टरचे हादरे बरेचदा त्याच्याच आसपास असतात. खोदताना त्रास कमी. खडबडीत वाटेवरून यंत्र पळवताना जास्त. तिथे वेग उतरवा. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमात आठ तासांच्या कामासाठी हादऱ्यांची पातळी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडली की उपाय करणं मालकावर बंधनकारक आहे. १.१५ च्या वर तर कामच नको.

सीटखाली वजनाचा नॉब असेल तर तो आपल्या वजनाला लावा. बहुतेक जण तो आधीच्या माणसाच्या वजनावरच ठेवून दिवस काढतात. बकेटकडे वळताना सीट पूर्ण फिरवा, कंबर पिळून मागे बघत खोदू नका. उतरताना उडी नको. उतरल्याबरोबर डिझेलचा कॅनही उचलू नका, आधी चार पावलं चाला.

राहिला पट्टा. निरोगी माणसाला तो दुखापतीपासून वाचवतो याचा पुरावा नाही, असं कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं १९९४ मध्येच सांगितलं. दुकानदाराला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. पट्ट्याचे पैसे डॉक्टरांच्या तपासणीला ठेवा.

प्रश्न : डाव्या पायात मुंग्या येतात. दोन महिने तेल लावतोय.

दोन महिने! दबलेल्या नसेपर्यंत तेल पोहोचत नाही. याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

प्रश्न : यंत्र कललं तर उडी मारायची ना?

नाही. माणूस उडी मारतो आणि यंत्र त्याच्याच अंगावर येतं. सीटबेल्ट बांधून आत घट्ट बसा. मात्र हे संरक्षक सांगाडा, म्हणजे यंत्र उलटलं तरी चालकाला चिरडू न देणारी चौकट, असलेल्या यंत्रापुरतंच. तो नसेल, किंवा कुणी वेल्डिंग करून जोडला असेल, तर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय त्या सीटवर बसू नका.